रविवारच्या कुंच्या

कुणाच्या घरी बाळ येणार म्हटलं की आमच्याकडे आधी कापड निघतं, मग सुया निघतात आणि मग काही ना काही घोटाळा होतो. कापड संपून जातं, सुया हरवतात, घोटाळे मात्र सगळेच्या सगळे शिल्लक राहतात. रविवारी चहाला कुणी नवीन आलं की आम्ही तेच काढून बसतो. आलेली बाई हसता हसता बोटात सुई टोचून घेते आणि त्यात आणखी एकाची भर पडते.

आमच्या मंडळाला नाव नाही. इंदूरच्या मल्हारगंजात बर्तनांच्या दुकानावर मंदाताईंचं घर आहे, तिथे आम्ही रविवारी दुपारी जमतो. मंदाताई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. रिटायर झाल्या, पण शिकवणं सुटलं नाही, त्यामुळे आम्ही. ओळखीच्या घरात बाळ आलं की त्याच्यासाठी कुंची शिवायची, मऊ जुन्या साड्यांचं दुपटं करायचं, थंडी असेल तर मोजे आणि टोपडं विणायचं. कुंची म्हणजे बाळाच्या डोक्यावरून पाठीवर उतरणारी, हनुवटीखाली बंद बांधायची टोपी. ती घातली की कुठलंही बाळ छोट्या सरदारासारखं दिसतं. विकायचं काही नाही, सगळं भेट म्हणून. मी कॉलेजच्या लायब्ररीत काम करते, आठवडाभर कुणाशी मोठ्याने बोलता येत नाही, तेव्हा रविवार मला फार लागतो.

* * *

नेहा पुण्याची. इथे एका कंपनीत नोकरीला लागली, एकटी राहते, आणि मराठी बोलायला कुणी हवं म्हणून आमच्यात आली. पहिल्याच रविवारी मंदाताईंनी तिच्या हातात लोकर आणि सुया दिल्या आणि टोपड्याची पट्टी विणायला बसवलं. तिने मन लावून चांगली टीचभर विणली. मंदाताईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे पूरं उधेड."

नेहा उठली आणि तिने ट्यूबलाइट लावली.

मंदाताईंना वाटलं, पोरीला विणलेलं मोडायचं जिवावर आलंय. त्या जरा प्रेमाने म्हणाल्या, "अगं, परेशान नको होऊस. अजून उधेड."

नेहाने जाऊन खिडकीचा पडदा सारला.

इंदूरला आम्ही उसवत नाही, उधेडतो. त्या बिचारीला ऐकू येत होतं 'उजेड'. मी तिला समजावून सांगितलं तेव्हा ती लाजली, आणि फार सभ्यपणे म्हणाली की तुमच्याकडची मराठी जरा वेगळीच आहे.

"मराठी एकदम बरोबर आहे," मंदाताई म्हणाल्या. "फक्त तिला हिंदीत बोलायची आदत पडली आहे."

* * *

दुपट्यावर बाळाचं नाव भरून द्यायची टूम नेहानेच काढली. मंदाताईंचा विरोध होता. बारशाआधी नाव उघडं करायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. पण बाळाच्या आईने मोबाइलवर स्वतः कळवलं होतं की नाव अर्णव ठरलंय, फायनल आहे. मग काय, निळ्या दोऱ्याने साखळी टाक्यात मोठं 'अर्णव' भरलं, 'अ'च्या पोटात एक बदक बसवलं. सगळ्यांना बदकच जास्त आवडलं.

बारशाला आम्ही सगळ्या गेलो. पाळणा सजलेला, दुपटं पाळण्यात घातलेलं, नाव वरच्या बाजूला, लांबून वाचता येईल असं. आता नाव सांगायचा मान आत्याचा. ही आत्या देवासहून आलेली. नाव ठरवताना तिला कुणी विचारलंच नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं. ती वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मल्हार."

बाळाची आई आत्याकडे बघतेय, बाळाचे वडील दुपट्याकडे बघताहेत, आणि आम्ही बदकाकडे. आजोबांनी हळूच विचारलं की आता कसं करायचं, कानात सांगितलेलं नाव काही परत घेता येत नाही, आणि इथे तर लिहिलंय.

आत्या शांतपणे म्हणाली, "मग दुपट्याचं नाव अर्णव ठेवा."

आणि तसंच झालं. मल्हार आता बालवाडीत जातो. त्या घरी मी गेल्या महिन्यात गेले होते तेव्हा त्याची आई आतून ओरडून विचारत होती, "अर्णव वाळला का? वाळला असेल तर घडी घालून ठेवा."

* * *

सरोजभाभी मंदाताईंच्या शेजारी राहतात. माहेर गौतमपुऱ्याचं, बोलणं हिंदीत, पण इतकी वर्षं आमच्यात बसून त्यांना मराठी सगळी समजते. आम्ही त्यांच्याविषयी मराठीत काही बोलू शकत नाही.

त्यांच्या भावाला नातू झाला. भाभींनी पांढऱ्याशुभ्र लोकरीचं टोपडं विणलं आणि त्याला सशाचे दोन लांब कान लावले, आतून गुलाबी. इतकं गोड झालं होतं की मंदाताईंनीसुद्धा काही चूक काढली नाही. टोपडं गौतमपुऱ्याला पोचलं. घालायच्या आधी धुवायला हवं म्हणून बाळाच्या आईने ते बादलीभर पाण्यात बुडवलं आणि तसंच ओलंचिंब दोरीवर लटकवलं. लोकर ती. पाण्याच्या वजनाने दिवसभर खाली ओढली गेली. संध्याकाळी उतरवलं तर बाळ त्यात बसवता आलं असतं.

फेकायला कुणाचा जीव होईना. भाभींचा भाऊ म्हणजे बाळाचे आजोबा, त्यांच्या टाळूवर केस नाहीत. त्यांनी घालून पाहिलं. बरोब्बर बसलं. मग ते तेच घालून शेतात जायला लागले.

दिवाळीला भाभी माहेरी गेल्या. दुसऱ्या दिवशी हिंगोट. गावातले लोक मैदानात समोरासमोर उभे राहून एकमेकांवर पेटते हिंगोट, म्हणजे आत फटाक्याची दारू भरलेली पोकळ फळं, फेकतात, आणि बाकी सगळं गाव कडेला दाटीने उभं राहून बघतं. त्या गर्दीत भाभींना लांबूनच दिसलं, सगळ्यांच्या फेट्या-टोप्यांच्या वर दोन पांढरे कान. त्या वाट काढत भावापर्यंत गेल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या की भाईसाब, गाव बघतंय, काढा ते.

भावाने मैदानावरची नजर हलवली नाही. म्हणाला, "रहने दे. कान गरम रहते हैं।"

भाभींनी विचारलं, "कौन से वाले?"

* * *

बाळ मुलगा आहे की मुलगी ते आधी कळत नाही, आणि बाळ येईपर्यंत मोजे-स्वेटर तयार तर हवेत. म्हणून मंदाताईंचा नियम आहे, लोकर पिवळी. पिवळा कुणालाही चालतो. एका हिवाळ्यात ओळखीत लागोपाठ इतकी बाळं आली की आमच्या लोकरवाल्याकडची पिवळी लोकर संपली. त्याने मला दुकानात विचारलं की मॅडम, तुम्ही खाता का काय ही?

थंडी सरता सरता मंदाताईंना हौस आली की आपल्या हातचे स्वेटर घातलेली सगळी बाळं एकदा एकत्र बघू. आया आल्या. गादीवर पांढरी चादर घातली आणि त्यावर बाळं ओळीने ठेवली. सगळी पिवळीधमक. स्वेटर पिवळा, टोपडं पिवळं, मोजे पिवळे, आणि प्रत्येकाच्या टोपड्यावर लाल गोंडा, कारण ते नेहाचं डोकं. नेहा फोटो काढायला खुर्चीवर चढली. मंदाताईंचे डोळे भरून आले होते. त्या सरोजभाभींना म्हणाल्या, "बघ, कसे दिसताहेत."

भाभींनी नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मंदाजी, पोहे लग रहे हैं। ऊपर से अनार भी डाल दिया।"

* * *

नेहाची पहिली कुंची तिच्या ऑफिसमधल्या बॉससाठी. म्हणजे बॉसच्या मुलीसाठी. हे लोक मथुरेकडचे, कुंची हा प्रकार त्यांनी कधी पाहिलेला नाही. नेहाने हिरव्या खणाची कुंची शिवली, कडेने मोती लावले, पाठीवर जरीची बारीक वेल भरली. दोनदा उधेडली. आता ती स्वतःच हा शब्द वापरते. रंगीत कागदात बांधून बॉसच्या हातात दिली, आणि मग उत्तराची वाट बघत बसली.

एक आठवडा गेला, काही नाही. नेहाचं तोंड उतरलं. आवडली नाही, जुन्या पद्धतीची वाटली, प्रमोशन गेलं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं. मंदाताई म्हणाल्या की विचारायचं नाही, भेट दिली की विषय संपला. पण नेहाला राहवेना. तिने बॉसला मेसेज टाकला की बेबीला कुंची बरोबर बसली का?

बॉसने एक फोटो पाठवला. त्यांच्या देवघराचा. सिंहासनावर लड्डू गोपाल, म्हणजे रांगता बाळकृष्ण, पितळेचे, आंब्याएवढे, आणि त्यांच्या अंगावर नेहाची हिरवी कुंची. मोती पार सिंहासनाखाली लोंबत होते. देवाचं फक्त नाक दिसत होतं.

खाली बॉसच्या आईचा निरोप होता. इतकी सुंदर वस्तू पाहिल्यावर आधी बाळाला घालायला त्यांचं मन झालं नाही. बाळासाठी एखादी साधी करून मिळेल का, असं त्यांनी विचारलं होतं.

नेहाने विचारलं की देवाला मोठी होत नाही का?

बॉसच्या आईने लिहिलं, "थोड़ी ढीली है बेटा, पर बच्चे हैं, बढ़ जाएँगे।"

* * *

मंदाताईंचे मिस्टर म्हणजे नाना. रेल्वेत होते. आम्ही पुढच्या खोलीत बसतो तेव्हा ते मधल्या खोलीत पेपर वाचतात. दोन खोल्यांच्या मध्ये दार आहे, पण ते कधी लावलेलं मी पाहिलं नाही. नानांना काही विचारलं की एकच उत्तर: तुमच्या त्या सुयादोऱ्यातलं मला काही कळत नाही.

मंदाताईंच्या मुलीला नागपूरला बाळ होणार होतं. मंदाताई स्वतः मोजे विणत होत्या. एक मोजा झाला आणि दुसरा अर्धा असताना ओल्या फरशीवर पाय घसरून त्यांच्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, उरलेला मोजा आम्ही विणतो. त्या ऐकायला तयार नाहीत. प्रत्येकीचा हात वेगळा, एक मोजा ढिला आणि एक घट्ट झाला तर बाळ काय लंगडत जन्माला घालायचं का, असं त्यांचं म्हणणं. अर्धा मोजा सुयांसकट टोपलीत पडून राहिला. त्या रोज टोपलीकडे बघायच्या आणि रडवेल्या व्हायच्या.

पुढच्या रविवारी टोपलीत दुसरा मोजा पुरा होऊन पडला होता.

मंदाताईंनी आमची एकेकीची झडती घेतली. मी नाही म्हटलं, कोपऱ्यात भरत बसलेली आमची वैशाली नाही म्हणाली, सरोजभाभींनी शपथ घेतली. नेहाला तर विचारलंच नाही. तेवढ्यात नेहा आपल्या सुयांवर मोठ्याने घोकत होती, "दोन सुलट, एक उलट, दोन सुलट, एक उलट."

मधल्या खोलीतून पेपरामागून आवाज आला, "दोन सुलट, दोन उलट. एक उलट टाचेला."

मंदाताई उठल्या, आत गेल्या आणि चांगल्या हाताने पेपर खाली केला. नानांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "इतकी वर्षं या खुर्चीत बसतोय. कानावर दुसरं काही पडलंच नाही."

मंदाताईंनी मोजा ताणून पाहिला आणि नवऱ्याला सांगितलं की हात फार घट्ट आहे तुमचा, रूळ नाही टाकायचे, मोजा आहे तो. पण तोच पाठवला.

बाळ झाल्यावर महिन्याभराने मुलीचा फोन आला. म्हणाली, "आई, एक मोजा सारखा निसटून पडतो. दुसरा मात्र पायातून हलत नाही. तो कुणी विणला?"

नाना त्या दिवसापासून पुढच्या खोलीत बसतात.

* * *

वैशाली आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी आणि सगळ्यात साफ हाताची. तिचं भरतकाम उलटून पाहिलं तर उलट कुठली आणि सुलट कुठली ते कळत नाही. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. ती त्याविषयी बोलत नसे, आणि आम्हीही विचारत नसू. ती दुसऱ्यांच्या बाळांसाठी शिवत राहायची.

एका रविवारी मंदाताईंच्या नात्यातल्या एका आजींचा फोन आला. मंदाताईंच्या हातात दुपटं होतं म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. आजी म्हणाल्या की पणतू झालाय, कुंची हवी. पण वैशालीच्या हातची नको, तेवढं बघ. तुला समजतंय ना.

वैशालीने दोरा दाताने तोडला आणि पुढचा टाका घातला.

मंदाताई फोनकडे वाकून म्हणाल्या, "मग आमच्याकडे नाही मिळणार. आमच्याकडच्या सगळ्या कुंच्या तिच्याच हातच्या असतात." आणि फोन ठेवला. हे खरं नव्हतं, पण त्यानंतर मंदाताईंनी ते खरं करून टाकलं. कुणाचीही कुंची असो, शेवटचा टाका वैशालीने घालायचा.

वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. वैशाली एकदा नवऱ्याला घेऊन आली. दोघं सोफ्याच्या कडेवर बसले आणि तिने सांगितलं की आम्ही मूल दत्तक घेतोय, कागदपत्रं झाली, मुलगी आहे. आम्ही सगळ्या एकदम बोलायला लागलो. दुपटं कुठल्या साड्यांचं, मोजे किती, पिवळी लोकर आहे का. वैशालीने आम्हाला थांबवलं आणि म्हणाली, "ती सात वर्षांची आहे."

नाव किरण. भोपाळच्या बाजूला एका संस्थेत वाढलेली. वैशालीने फोटो दाखवला. दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला, कॅमेऱ्याकडे संशयाने बघणारी.

वैशाली म्हणाली की काही करायचंच असेल तर एखादा फ्रॉक करा. सरोजभाभी म्हणाल्या फ्रॉक ठीक आहे, नेहा म्हणाली बॅग करूया, शाळेला लागेल. मंदाताईंनी कुणाचंच ऐकलं नाही. त्यांनी कपाटातून स्वतःच्या लग्नातला जांभळा शालू काढला आणि कात्री लावली. बाळ घरी आलं की कुंची मिळते, असं त्या म्हणाल्या, आणि वय विचारून द्यायची असते असं त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

आम्ही सगळ्यांनी मिळून ती शिवली. अस्तर मलमलचं, कडेला नानांनी विणलेली लेस. झाल्यावर नाना म्हणाले की रेनकोट दिसतोय. आम्हालाही मनातून धाकधूक होतीच. सात वर्षांची मुलगी, तिला लाज वाटली तर? शाळेत पोरी हसल्या तर? शेवटचा टाका त्या दिवशी मंदाताईंनी घातला.

किरण आली तेव्हा मे महिना, ऊन असं की जिन्याच्या कठड्याला हात लावता येत नव्हता. ती वैशालीच्या मागे उभी राहिली, ओढणीचं टोक मुठीत धरून. आम्ही लाडू दिला, तिने घेतला पण खाल्ला नाही. मंदाताईंनी कुंची उलगडली. किरणने विचारलं, "ये क्या है?"

सरोजभाभी म्हणाल्या, "घर में बच्चा आता है ना, तो उसको पहनाते हैं।" म्हणाल्या आणि जीभ चावली, कारण पोर आता म्हणणार, मी काय बच्चा आहे?

किरणने कुंचीला हात लावून पाहिला. आतलं मलमल गालाला लावलं. मग मंदाताईंच्या पुढे येऊन उभी राहिली आणि हनुवटी वर केली. मंदाताईंनी बंद बांधले. त्यांच्याने गाठ लवकर बसेना.

ती कुंची मग निघालीच नाही. किरण कुंचीत जेवली, कुंचीत झोपली. वैशालीने काढायला हात लावला की ती दोन्ही हातांनी बंद धरून ठेवायची. वैशालीने नाद सोडला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वैशाली तिला घेऊन मल्हारगंजात आली. फ्रॉकला बटणं हवी होती, आणि मीही बरोबर होते. भर दुपार, गल्लीत माणसं रुमाल डोक्यावर टाकून चाललेली, आणि आमच्या मध्ये ही जांभळ्या जरीच्या कुंचीत, घामाने निथळत, आम्हा दोघींचे हात धरून. बटणवाल्याने काउंटरवरून वाकून तिच्याकडे पाहिलं. नेहमीचा माणूस, सगळ्या गल्लीचा भिया, म्हणजे इंदुरी भैया, मनात काही नाही.

"अरे बिटिया," तो म्हणाला, "इतनी गर्मी में ये क्या पहन रखा है?"

वैशाली काहीतरी सांगायला गेली. किरणने तिचा हात सोडला, हनुवटीखालची गाठ चाचपून पाहिली आणि त्याला म्हणाली, "भिया, मैं अभी नई हूँ ना।"